गंजाने धरलेले चाक कसे सोडवावे?

लातूरहून औसा, लामजनामार्गे निलंग्याला निघालेल्या एखाद्या कुटुंबाची मोटार वाटेत पंक्चर होते. रात्रीचे नऊ वाजलेले असतात. डिकीत स्टेपनी असते, जॅक असतो, पानाही असतो. त्यामुळे पंधरा-वीस मिनिटांत पुढे निघू, असा चालकाचा अंदाज असतो. नट सुटतात, गाडी जॅकवर चढते, चारही नट काढून रुमालावर ठेवले जातात. पण दोन्ही हातांनी ओढूनही चाक जागचे हलत नाही. मग आणखी जोर लावला जातो, लाथा मारल्या जातात, रस्त्याकडेचा दगड उचलला जातो. जॅकवर तोललेली गाडी डोलू लागते. चाक मात्र होते तेथेच राहते.

जुनी गाडी वापरणाऱ्या कोणावरही ओढवू शकेल असा हा प्रसंग आहे. महाभारतातील कर्णाच्या रथाचे चाक भूमीने गिळले होते. येथे चाक गाडीच सोडत नाही. दोन्हीकडे संकट उभे राहते ते ऐन वेळी. गाडीत कधी दवाखान्यात न्यायचा रुग्ण असतो, कधी दुसऱ्या दिवशी परीक्षेला बसणारा विद्यार्थी. वेळेपेक्षाही मोठा धोका असतो तो जॅकवरून गाडी निसटण्याचा. घाईत मारलेल्या एका लाथेने हात किंवा पाय कायमचा जायबंदी होऊ शकतो.

चाक पंक्चर झालेल्या रात्री अडत नाही. ते कित्येक महिने, कित्येक वर्षे उघडले गेलेले नसते आणि त्या काळात हळूहळू अडत गेलेले असते. म्हणूनच ते सोडवताना बळापेक्षा क्रम महत्त्वाचा ठरतो, आणि ते अडू नये यासाठी वर्षाकाठी तासाभराचा वेळ पुरतो. या दोन्ही गोष्टी येथे सविस्तर पाहू.

कोरड्या मुलखात गंज कोठून?

मराठवाड्याची ओळख दुष्काळी प्रदेश अशी आहे. २०१६ च्या एप्रिल महिन्यात लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात लोखंड गंजण्याचे कारण काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. कोकणात समुद्राची खारी हवा असते. अमेरिका, कॅनडा किंवा उत्तर युरोपात हिवाळ्यातील बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकले जाते. तेथे चाके धरणे ही नेहमीचीच बाब. निलंग्यात समुद्रही नाही आणि बर्फही नाही.

मात्र गंजाला समुद्र लागत नाही. त्याला ओल, हवेतील प्राणवायू आणि वेळ एवढेच पुरते. लातूर जिल्ह्यात वर्षाला साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. येथील काळी माती पाणी धरून ठेवते. शेतरस्त्याने गेलेल्या गाडीच्या चाकाला आतून जो चिखल लिंपला जातो, तो वरून वाळलेला दिसला तरी आत बराच काळ ओला राहतो. हबच्या कडेला बसलेला असा चिखलाचा थर म्हणजे लोखंडाला गुंडाळलेले ओले फडकेच.

त्यातच नद्यांचे पूर. निलंगा तालुक्यात औराद शहाजानीच्या परिसरात तेरणा नदी मांजरेला मिळते. २०२१ च्या सप्टेंबरअखेरीस मांजरेला आलेल्या पुराने नदीकाठची शेती पाण्याखाली घातली. २०२५ च्या सप्टेंबरमध्येही मराठवाड्यात अतिवृष्टीने हाहाकार उडवला. अशा वेळी पाण्यातून काढलेली किंवा पाण्यात उभी राहिलेली गाडी वरून धुऊन पुसून स्वच्छ केली जाते. पण चाक आणि हब यांच्यामध्ये शिरलेले पाणी कोणाच्या नजरेस पडत नाही.

आणखी दोन कारणे रोजच्या व्यवहारातील आहेत. पहिले म्हणजे बोअरचे पाणी. विंधनविहिरीच्या पाण्यात विरघळलेले क्षार अधिक असतात आणि क्षारयुक्त पाणी गंजाची क्रिया वेगाने घडवते. गाडी धुऊन तशीच सावलीत उभी केली, तर चाकाच्या सांध्यातील पाणी वाळेपर्यंत आपले काम करीत राहते. दुसरे कारण म्हणजे न चालवलेली गाडी. पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला नोकरी करणाऱ्या मुलाने गावी आई-वडिलांच्या दारात ठेवलेली, दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुटीतच बाहेर निघणारी गाडी कमी झिजते हे खरे, पण तिची चाके धरण्याची शक्यता मात्र अधिक असते.

चाक धरते म्हणजे नेमके काय?

मोटारीचे चाक केवळ नटांवर अडकवलेले नसते. गाडीच्या बाजूला जो फिरता लोखंडी भाग असतो त्याला हब म्हणतात. हबच्या मध्यभागी थोडा पुढे आलेला गोल उंचवटा असतो आणि चाकाच्या मधोमध असलेले भोक त्या उंचवट्यावर जेमतेम बसते. चाक अचूक मध्यावर बसावे म्हणून ही फट मुद्दामच अगदी बारीक, अनेक गाड्यांत मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास ठेवलेली असते.

लोखंड गंजते तेव्हा तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. साधारण दुपटीपासून पुढे. हबच्या कडेवर आलेला गंज प्रथम ती बारीक फट भरून काढतो आणि मग पाचर ठोकावी तसा चाकाला चहूबाजूंनी दाबून धरतो. नट काढल्यावरही चाक निघत नाही ते याच पाचरीमुळे.

अलॉय व्हील, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे चाक, गंजत नाही असा समज आहे. प्रत्यक्षात अशी चाके लोखंडी हबवर अधिक घट्ट धरू शकतात. दोन भिन्न धातू एकमेकांना टेकलेले असले आणि मध्ये ओल शिरली, की तेथे विद्युत घटासारखी क्रिया सुरू होते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियमचा ऱ्हास होतो. हबभोवती दिसणारी पांढरी भुकटी ही त्याचीच खूण होय.

येथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. नट न सुटणे ही एक अडचण आणि नट सुटूनही चाक न निघणे ही दुसरी. दोन्हींचे मूळ गंजात असू शकते. पण उपाय वेगळे आहेत. पहिली अडचण गाडी जमिनीवर असतानाच सोडवायची असते. दुसरीतही गाडीचे वजनच आपल्या कामी येते. जॅकवर तोललेल्या गाडीशी झटापट करण्याची वेळ दोन्हींत येऊ नये.

आधी जागा, मग जॅक

पंक्चर झाल्याचे कळताच जेथल्या तेथे थांबण्याची गरज नाही. वळण, पूल किंवा चढण असेल तर अगदी सावकाश पुढे जाऊन सपाट, टणक आणि मागून येणाऱ्या वाहनांना लांबून दिसेल अशी जागा गाठावी. टायर खराब झाला तरी चालेल; माणूस वाचला पाहिजे. चारही दिवे लुकलुकते ठेवावेत आणि लाल त्रिकोण गाडीच्या मागे पुरेशा अंतरावर उभा करावा. ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि रात्रीचे ट्रक ज्या रस्त्यावर धावतात तेथे ही खबरदारी दुप्पट घ्यावी. सर्व प्रवाशांना उतरवून रस्त्यापासून दूर उभे करावे.

हँडब्रेक ओढावा, गाडी पहिल्या किंवा मागच्या गिअरमध्ये ठेवावी. स्वयंचलित गिअरची गाडी असेल तर पार्किंगमध्ये. जे चाक काढायचे आहे त्याच्या समोरासमोरच्या कोपऱ्यातील चाकाला पुढून व मागून दगड लावावेत.

काळ्या मातीच्या प्रदेशात आणखी एक पथ्य आहे. पावसाळ्यात रस्त्याची साइडपट्टी वरून घट्ट दिसली तरी आतून भुसभुशीत असते. तेथे लावलेला जॅक गाडी उचलण्याऐवजी स्वतःच खाली रुततो किंवा कलतो. यासाठी फूटभर लांब-रुंद, दीड-दोन इंच जाडीची एक फळी डिकीत कायमची ठेवावी आणि तिच्यावर जॅक उभा करावा. जॅक कोठे टेकवायचा याच्या खुणा गाडीच्या पत्र्यावर दिलेल्या असतात. त्या सोडून अन्यत्र लावल्यास पत्रा दबतो आणि गाडी निसटते.

नट सुटत नसेल तर

नट नेहमी गाडी उचलण्यापूर्वीच ढिले करावेत, आणि तेही केवळ अर्धा फेरा. चाक जमिनीवर टेकलेले असले की ते फिरत नाही आणि लावलेला सगळा जोर नटावरच पडतो.

चाकाकडे तोंड करून उभे राहिल्यावर नट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटतो. मारुती, ह्युंदाई, टोयोटा अशा गाड्यांना हबमधून बाहेर आलेले स्टड आणि त्यावर नट असतात. फोक्सवॅगन, स्कोडा, फियाट यांच्या गाड्यांना बोल्ट असतात. सोडवण्याची दिशा एकच. अपवाद आहे तो काही जुन्या वाहनांचा. जुन्या विलीस जीपना डाव्या बाजूच्या चाकांवर उलटे आटे असत आणि ते नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटत. एखाद्या हौशी संग्राहकाकडे अशी जीप असेल तर हे ठाऊक असलेले बरे. नाहीतर सोडवतो आहोत अशा समजुतीने नट आवळला जातो.

आता जोराचा हिशेब. लहान मोटारींचे नट साधारण ८० ते १२० न्यूटन-मीटर इतक्या पिळाने आवळायचे असतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. १०० न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकाला सुमारे १० किलो वजन टांगल्याइतका पीळ. गाडीबरोबर मिळणारा पाना बहुधा पाव मीटरच्या आसपास असतो. म्हणजे त्याच्या टोकावर ४० किलोंचा दाब द्यावा लागतो. गंज चढलेल्या किंवा टायरच्या दुकानात हवेच्या गनने वाजवीपेक्षा जास्त आवळलेल्या नटाला याहूनही अधिक जोर लागतो. नट सुटत नाही तेव्हा दोष आपल्या मनगटाचा नसून पान्याच्या लांबीचा असतो, हे ध्यानात ठेवावे.

अशा नटाभोवती गंज सोडवणारा फवारा मारावा आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे. तेलाला आट्यांत झिरपण्यास वेळ लागतो. फवारा मारून लगेच झटापट केली तर तो वाया जातो. थांबून झाल्यावर पाना नटावर पूर्ण आत बसवावा. अर्धवट बसलेला पाना घसरतो आणि नटाचे कोपरे गोल करून टाकतो. मग साध्या पान्याने तो नट कधीच निघत नाही. पाना डाव्या हाताला आडवा येईल असा लावून वरून खाली दाबावा. खालून वर ओढल्यास कंबर धरते. नट प्रथम किंचित आवळण्याच्या दिशेने दाबून मग सोडवून पाहावा. गंजाचा थर त्याने मोडतो आणि ‘कट्’ असा आवाज येतो.

तरीही न सुटल्यास पान्यावर पोकळ लोखंडी पाईप चढवून त्याची लांबी वाढवता येते. गॅरेजमधील मिस्त्री हेच करतात. मात्र येथे प्रमाण सांभाळावे लागते. एक मीटरच्या पाईपवर ६० किलोंचा माणूस उभा राहिला तर नटावर जवळपास ६०० न्यूटन-मीटर पीळ पडतो, म्हणजे नेहमीच्या सहापट. एवढ्या पिळाने स्टडच तुटू शकतो. पाईपवर उभे राहू नये, उड्या तर मारूच नयेत. हातांनी, हळूहळू वाढत जाणारा दाब द्यावा.

नट निघाले, पण चाक निघत नाही

येथे बहुतेकांची पहिली चूक अशी होते, की सगळे नट काढून ठेवलेले असतात आणि गाडी जॅकवर असताना चाकावर प्रहार सुरू होतात. धरलेले चाक सुटते ते अचानक. नट नसतील तर ते अंगावर येते, आणि चाकाबरोबर गाडी हलली तर जॅक कलंडतो.

म्हणून चाक अडल्याचे जाणवताच थांबावे आणि पुढील क्रमाने जावे.

प्रथम सर्व नट पुन्हा दोन-तीन आटे बसतील इतके हाताने लावावेत. आता चाक सुटले तरी निखळून पडणार नाही. नंतर चाकाच्या मधले झाकण निघत असेल तर काढून, मधले भोक आणि हब जेथे भेटतात त्या गोल रेषेवर फवारा मारावा. ब्रेकची तबकडी किंवा ड्रम यांवर तेल उडू देऊ नये. पुन्हा पंधरा मिनिटे थांबावे.

त्यानंतर जॅक सावकाश उतरवून गाडीचे वजन त्या चाकावर येऊ द्यावे. नट एक फेरा ढिले असावेत, त्याहून जास्त नाही. गाडीच्या बाजूला उभे राहून दोघांनी छताच्या कडेला धरून ती डोलवावी. आपल्या हातांच्या बळापेक्षा गाडीचे शेकडो किलोंचे वजन कितीतरी मोठे आहे. ते चाकाला एकदा वरून, एकदा बाजूने रेटते आणि गंजाची पाचर मोडते. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते.

तेही न जमल्यास जॅक आणि दगड पूर्णपणे बाजूला काढून, केवळ चालकाने गाडीत बसून, मोकळ्या आणि सपाट जागेवर गाडी माणसाच्या सावकाश चालीइतक्याच वेगाने एक-दोन मीटर पुढे व मागे घ्यावी आणि हळूच ब्रेक दाबावा. चाक सुटल्याचा आवाज येताच थांबावे. या उपायात स्टडवर ताण येतो. म्हणून तो आधीचे उपाय हरल्यावरच करावा, नट एक फेऱ्याहून अधिक ढिले ठेवू नयेत आणि अशा स्थितीत गाडी रस्त्यावर मुळीच नेऊ नये.

चाक सुटल्यावर पुन्हा हँडब्रेक, पुन्हा दगड, पुन्हा जॅक, आणि मगच नट काढावेत. स्टेपनी आधीच बाहेर काढून गाडीच्या पत्र्याखाली, जॅकच्या शेजारी आडवी सरकवून ठेवावी. जॅक निसटलाच तर गाडी जमिनीवर न आदळता त्या चाकावर टेकते. जुने चाक निघाले की ते खाली सरकवावे आणि स्टेपनी उचलावी.

एवढे करूनही चाक हलले नाही तर प्रयत्न थांबवावेत. जवळच्या पाटीवरचा पंक्चरवाला किंवा गावातील गॅरेजवाला यांना बोलावावे. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते. संकट गंभीर असेल तर ११२ आहेच. गॅरेजमध्ये गाडी भक्कम लोखंडी घोड्यांवर ठेवून, आतल्या बाजूने टायरला लाकडी ठोकळा लावून त्यावर हातोड्याचे ठोके दिले जातात. प्रत्येक ठोक्यानंतर चाक पाव फेरा फिरवले जाते, म्हणजे ते एका बाजूला तिरके होऊन आणखी अडत नाही. हे काम जॅकवरच्या गाडीखाली वाकून रस्त्यावर करण्याचे नव्हे.

काय करू नये?

चाक तापवू नये. ही सूचना ठळकपणे सांगावी लागते, कारण तापवण्याची कल्पना आपल्या परंपरेतूनच येते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती भट्टीत लाल करीत असे. तापून फुगलेली धाव चाकावर बसवून वर पाणी ओतले, की ती आकसून घट्ट बसे. तापवल्याने लोखंड फुगते, तेव्हा धरलेले चाकही सुटेल, हा तर्क तसा चुकीचा नाही. पण बैलगाडीच्या चाकात हवा नव्हती. मोटारीच्या रिमवर गॅसची ज्योत धरली तर टायरच्या आतील रबर तापून ज्वालाग्राही वायू तयार होतात आणि टायरचा स्फोट होऊ शकतो. हा स्फोट ज्योत विझवल्यानंतरही काही काळाने होऊ शकतो, आणि हवा सोडून दिलेला टायरही त्याला अपवाद नसतो. अशा स्फोटांत माणसे दगावली आहेत.

रिमच्या कडेवर, स्टडच्या टोकावर किंवा ब्रेकच्या तबकडीवर लोखंडी हातोडा मारू नये. अलॉयचे चाक तडकते, स्टडचे आटे मरतात, तबकडी वाकते. मारायचेच असेल तर टायरच्या रबरावर, रबरी किंवा लाकडी हातोड्याने.

जॅकवर असलेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे. ती धरून ठेवण्याचे नाही.

स्टड तुटला, तर उरलेल्या तीन नटांवर भिस्त ठेवून लांबचा प्रवास करू नये. एक स्टड कमी झाला की त्याचा भार शेजारच्यांवर येतो.

चाक निघाल्यानंतरचे काम

चाक निघाले की सुटकेचा निःश्वास टाकून स्टेपनी चढवली जाते आणि विषय संपतो. खरे तर ते चाक पुन्हा धरू नये याची व्यवस्था करण्याची हीच वेळ असते. रस्त्यावर शक्य नसेल तर दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये हे करून घ्यावे.

हबचा उंचवटा, त्याची सपाट बाजू आणि चाकाच्या भोकाची आतली कड तारेच्या ब्रशने घासून गंज काढावा, कोरड्या कापडाने पुसावे. त्यानंतर केवळ त्या मधल्या उंचवट्याच्या कडेवर धातूंना एकमेकांना धरू न देणाऱ्या खास वंगणाचे, उदाहरणार्थ तांबेयुक्त ग्रीसचे, अगदी पातळ बोट फिरवावे. ते सपाट बाजूवर थापू नये, ब्रेकवर जाऊ देऊ नये. स्टडच्या आट्यांना आणि नट जेथे चाकावर टेकतो त्या उतरत्या कडेलाही वंगण लावू नये. वंगण लागलेला नट त्याच पिळाला वाजवीपेक्षा जास्त आवळला जातो आणि स्टड ताणला जातो. आटे कोरडे आणि स्वच्छ असणे हेच योग्य.

नट हाताने सुरू करावेत, पान्याने नव्हे. ते एकापाठोपाठ शेजारचे न घेता समोरासमोरचे घेत आवळावेत. पाच नट असतील तर ताऱ्याच्या आकृतीप्रमाणे एकाआड एक. शेवटचा पीळ गाडी जमिनीवर टेकल्यावर द्यावा. ५० ते १०० किलोमीटर चालल्यानंतर नट पुन्हा एकदा तपासावेत. टायरच्या दुकानात हवेच्या गनने काम होत असेल तर शेवटचा पीळ हाताच्या पान्याने किंवा टॉर्क पान्याने देण्याचा आग्रह धरावा. तेथे वाचलेले दोन मिनिट पुढे रस्त्यावर तासाभराने वसूल होतात.

स्टेपनीकडेही पाहावे

स्टेपनी हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे, की तो परका वाटत नाही. त्याचे मूळ वेल्समधील लानेली या गावात आहे. १९०४ च्या सुमारास तेथील स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी जोडचाक बनवण्यास प्रारंभ केला. त्या काळी मोटारींची चाके सहज निघत नसत. म्हणून हवा भरलेले टायर असलेली, आरे नसलेली ती रिम पंक्चर झालेल्या चाकावरच बाजूने अडकवली जाई. चाक काढावेच लागू नये, ही त्या शोधाची मूळ कल्पना होती. निघणारी चाके सर्वत्र आली आणि तो प्रकार मागे पडला. नाव मात्र भारतात टिकले.

आजची स्टेपनी डिकीत दुर्लक्षित पडलेली असते. तिच्यात हवा आहे की नाही, हे महिन्यातून एकदा पाहावे. टोयोटा इनोव्हासारख्या काही मोठ्या गाड्यांत ती मागे खालच्या बाजूला तारेने टांगलेली असते. तेथे चिखल आणि पाणी थेट पोहोचत असल्याने ती उतरवण्याची यंत्रणाच गंजून अडते. वर्षातून एकदा ती पूर्ण खाली सोडून, साफ करून पुन्हा चढवावी.

२०२० मध्ये केंद्र सरकारने नियमांत केलेल्या बदलानुसार, ट्यूबलेस टायर, टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना स्टेपनी देणे बंधनकारक राहिले नाही. त्यामुळे काही नव्या गाड्या स्टेपनीविना येतात. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतला असेल तर चाक न काढताही अशा संचाने पंक्चर काढता येते. चाक धरलेले असताना हा मार्ग विशेष उपयोगी ठरतो. टायर बाजूने फाटला असेल तर मात्र चाक काढण्यावाचून गत्यंतर नाही.

खंडेनवमीचा मुहूर्त

पूर्वी बैलगाडी लांबच्या वाटेला लागण्यापूर्वी तिच्या आखाला वंगण घातले जाई. चाक काढून आख पाहिल्याशिवाय गाडी जुंपू नये, ही शेतकऱ्याची शिस्त होती. मोटारीने आपल्याला या शिस्तीतून मोकळे केले. आठ-दहा हजार किलोमीटरनंतर चाकांची अदलाबदल करावी असे गाडीच्या पुस्तिकांत सांगितलेले असते. टायर सारखे झिजावेत हा तिचा हेतू, आणि चाक हबवरून सुटून पुन्हा बसते हा अनायासे होणारा फायदा. परंतु वर्षाला चार-पाच हजार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीची ही पाळी दोन-दोन वर्षे येत नाही. म्हणून अंतरापेक्षा दिनदर्शिका पाहावी.

त्यासाठी आपल्याकडे एक सोयीचा दिवस आहे. नवरात्रातील नवव्या दिवशी, खंडेनवमीला, गॅरेजमध्ये पाने, जॅक आणि हातोडे धुऊन-पुसून मांडले जातात, त्यांची पूजा होते. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला घरोघरच्या गाड्यांना झेंडूचे हार चढतात. पावसाळा नुकताच संपत आलेला असतो. चार महिन्यांची ओल चाकाच्या सांध्यात असते, पण तिने अजून पूर्ण पकड घेतलेली नसते. चाके उघडण्यास याहून योग्य काळ नाही.

त्या सुमारास घराच्या अंगणात किंवा गॅरेजमध्ये, दिवसाच्या उजेडात, चारही चाके एकेक करून काढावीत, हब घासून वंगणाचे बोट फिरवावे आणि नट योग्य पिळाने आवळावेत. गाडीबरोबर आलेलाच पाना आणि जॅक वापरून पाहावा. लॉक नट असतील तर त्यांची किल्ली सापडते का, हेही त्याच वेळी कळते. घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने, मुलींनी आणि सुनांनीही, एक चाक स्वतः काढून बसवावे. दवाखान्याच्या वाटेवर रात्री नऊ वाजता चाक काढण्याची वेळ आली, तर ते हाताला सहज येईल आणि काढणाऱ्या हातालाही त्याची सवय असेल.